साताऱ्यातला ऱ्य

१५ जून १९९८, सोमवार. सांगली.
सकाळच्या बॅचला तीन मुली, त्यातली एक शिंकत होती. बाकीचे टाइपरायटर कव्हरं घालून गप्प. पोरी विचारतात, "बाई, कॉम्प्युटर कधी शिकवणार?" घेतलाय की एक. पण तो मलाच कुठं धड येतोय.

दुपारी पुण्याचा सुहास आला. मराठी सीड्या विकतो, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. टाय, घाम आणि खोकं. खोक्यात पाच सीड्या: पत्रिका, पाककृती, इंग्रजी संभाषण आणि मराठी टायपिंगच्या दोन. म्हणाला, "मॅडम, दुकान टाकायचं नाही, माल ठेवायचा नाही. तुम्ही फक्त सांगायचं, ही घ्या. चिठ्ठीवर तुमचा शिक्का दिसला की कमिशन तुमचं."
"मग मी करायचं काय?"
"तुमचा शब्द, मॅडम."
वा रे वा. सतरा वर्षं पोरींची बोटं वळवली, आता शब्द विकायचा! खोकं ठेवून घेतलं मात्र.

१७ जून, बुधवार
एकेक घालून बघितली. पत्रिकावालीत माझीच जन्मवेळ घातली. माझा विवाहयोग पुढच्या वर्षी आहे म्हणे. ह्यांना सांगायला हवं. पाककृतीत पुरणपोळीवर चेरी. बंद केली. इंग्रजीवालीत एक गृहस्थ "गुड मॉर्निंग" असं म्हणतो की रात्र व्हावी.

सुहासचा फोन. सगळ्यात जास्त पत्रिकाच खपते म्हणे, तीच धरा. मी नाही धरणार. ज्यातलं मला कळत नाही त्याला मी चांगलं म्हणायचं नाही, एवढं ठरवून टाकलं.

उरल्या टायपिंगच्या दोन. महाग ती थोरली, स्वस्त ती धाकटी. इथून पुढं थो. आणि धा.

२० जून, शनिवार
हे आले साताऱ्याहून. (पाटबंधारे खातं साताऱ्याला, संसार सांगलीला, आठवड्याला एक दिवस नवरा.) चहा पिता पिता म्हणाले, "कशात कमिशन जास्त आहे?" थो.मध्ये, म्हटलं. "मग त्यात विचार कसला करतेस?" डोकंच फिरलं. म्हटलं, मी भाजीवाली आहे का, जुनी मेथी आधी खपवायला? हे हसले. "भाजीवाली पण पाणी मारून खपवते, तू नुसती चिडतेस."

२४ जून, बुधवार
ठरलं. थो.

कशावरून, ते लिहून ठेवते, कारण उद्या कुणी विचारलं तर. मशीन नवं असो जुनं असो, मी त्यावर पहिली ओळ एकच मारते: साताऱ्याला जाणाऱ्या दुसऱ्या गाडीत बसणाऱ्या म्हाताऱ्या. ह्या ओळीत नापास झालेलं मशीन मी दारातून आत घेतलेलं नाही. धा.वर मारली: सातार्याला जाणार्या दुसर्या. शी! आर्या-भार्या वाटतात म्हाताऱ्या. थो.वर मारली. ऱ्य असा आला, चंद्रकोरीसारखा. आकडेसुद्धा मराठी, इंग्रजी नाहीत. ळ गोल. कळा सगळ्या टाइपरायटरच्याच जागी, बोटांना शोधावं लागलं नाही.

सुहासनं सांगितलंय, थो. घेतली की पुण्याला फोन करायचा, ते त्या मशीनपुरता एक नंबर देतात, तो घातल्याशिवाय चालू होत नाही. म्हटलं ठीक आहे, चोरी नको व्हायला.

कमिशनचा विचार केला नाही. (खरंच नाही केला.)

३ जुलै, शुक्रवार
विट्याचे आबा आले. गलाईचं, म्हणजे सोनं गाळायचं दुकान कोइमतूरला, ते आता मुलं बघतात. आबा म्हातारपणी विट्याला. मुलांनी कॉम्प्युटर धाडलाय, आबांना मराठीत पत्रं लिहायचीत. मी दोन्ही दाखवायला लागले तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वो बाई. सोनं मी पारखतो, हे तुमी पारखा. तुमी म्हणाल ती घितो."
चिठ्ठीवर शिक्का मारला. हात जरा गरम झाला. असं कुणी कधी म्हटलं नव्हतं मला.

११ जुलै, शनिवार. सातारा.
ह्यांच्याकडे दोन दिवस. संध्याकाळी देसाई सरांच्या क्लासात गेले. आमच्याच जातीचा प्राणी, तीस वर्षं टायपिंग. त्यांच्याकडेही सुहासचं खोकं. आणि सर धा. सांगतात लोकांना! त्या भिकार अक्षराची! म्हटलं, सर, साताऱ्यात राहून तुम्ही सातार्यात राहता?

शांतपणे म्हणाले, "मालतीबाई, मी अक्षर बघतच नाही. एक कागद टाइप करतो, फ्लॉपीत घालतो, आणि शेजारच्या वकिलाच्या मशीनवर उघडतो का बघतो. धाकटी उघडते. थोरली उघडत नाही."
"न उघडेना! लोक आपापल्या घरी लिहितील, आपापल्या घरी वाचतील."
"आणि कंपनी उठून गेली तर? नंबर कोण देणार?"
मी म्हटलं, सर, तुम्ही लग्नातसुद्धा नवरदेव मेला तर काय, असं विचारत असाल. खूप हसले मी. तेही हसले. घरी येऊन ह्यांना पुन्हा सांगून हसले.

१९ ऑगस्ट
रेहाना आली. मिरजेची, माझ्याकडची चार वर्षांपूर्वीची, वेगात पहिली. आता सेकंडहँड कॉम्प्युटर घेऊन मेडिकलच्या मुलांचे प्रबंध टाइप करून देते. मराठी हवंय म्हणाली.
"प्रबंध मराठीत कधीपासून?"
"प्रबंध नाही, बाई. अब्बांचं लिहून घ्यायचंय."

तिचे अब्बा, उस्मानचाचा, तानपुरे करतात. मुलगा नाही, ही एकटी. पुतणे कारखान्यावर डोळा ठेवून. पोरीनं कारखान्यात बसायचं नाही, ही पद्धत. चाचांनी त्यातून वाट काढली: "बसायचं न्हाई म्हणतात. ऐकायचं न्हाई असं कुणी म्हटलंय?" रोज जेवणानंतर ते बोलणार, ही टाइप करणार. भोपळा कुठं कापायचा, त्यावरची लाकडी तबली किती पातळ, तारांखालच्या घोडीची जवारी कशी घासायची, सगळं. मग कारखाना तिचा. असा बेत.

"बाई, कुठली घेऊ?"
हा काय प्रश्न झाला? थो. चिठ्ठी, शिक्का.

८ नोव्हेंबर, रविवार. मिरज.
रेहानाकडे जेवायला. चाचा पाटावर, ही मशीनपुढं. मला ऐकायला मिळालं म्हणून लिहून ठेवते. भोपळा कापायची गोष्ट चालली होती. देठापासून बोटं मोजून रेघ मारायची. रेहानानं विचारलं, किती बोटं? आकडा सांगितला, तिनं मारला. मग तिचा हात धरून म्हणाले, "ही माझी बोटं. तुझी बारीक हायत. तू एक जास्त धर." तेही तिनं लिहिलं.

मी तेव्हा पानात वाटाणा शोधत होते. आकडा लक्षात नाही राहिला. लक्षात ठेवायचं कारणच नव्हतं, समोर टाइप होत होता.

निघताना चाचा म्हणाले, "बाईसाहेब, ह्यात घातलं ते ऱ्हाईल न्हवं?"
"चाचा, काळ्या दगडावरची रेघ."
मीच म्हटलं. कुणी म्हणायला लावलं नव्हतं.

२७ जानेवारी १९९९
सुहासचा पत्ता नाही. दोन पत्रं टाकली. नवीन दोघांना थो. हवीये, चिठ्ठ्या पडून आहेत. पुण्याच्या नंबरावर नुसती रिंग.

३ फेब्रुवारी
पुण्याला बहीण असते, तिला पत्त्यावर पाठवलं. तिथं आता आइस्क्रीमचं दुकान. दुकानवाला म्हणाला, कंपनी दिवाळीतच उठली.
ह्यांना फोनवर सांगितलं. "जाऊ दे, ज्यांनी घेतल्या त्यांच्या चालू आहेत ना?" चालू आहेत. मग कशाला जीव खालीवर करायचा. देसाई सरांना कळवलं नाही.

१४ मार्च, रविवार
रेहानाचा फोन. चाचांना पहाटे अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली. वाचाही.

१६ मार्च. मिरज.
हॉस्पिटलात जाऊन आले. चाचा बघतात, ओळखतात असं वाटतं. बोलायला जातात आणि एकच आवाज येतो, "त... त..." रेहाना कोरड्या डोळ्यांनी बसलेली. मी उगाच मोसंबी सोलत बसले.
जिन्यात म्हणाली, "बाई, सगळं सांगून झालंय त्यांचं. जवारीची शेवटची दोन पानं राहिली असतील. बाकी सगळं माझ्या मशीनमध्ये आहे. अल्लाची मेहेर."

पुतणे आलेच होते. मोठा मला ऐकू जाईल असं म्हणाला, "आता भोपळं काय कॉम्प्युटर कापनार व्हय?"

११ मे
काल मिरजेत वळीव, विजा. रेहानाच्या गल्लीत तीन टीव्ही आणि तिचा कॉम्प्युटर. आतली डिस्कच जळाली, दुरुस्तीवाल्यानं हात वर केले. पण पोरगी माझी विद्यार्थिनी! महिन्याला फ्लॉपीत उतरवून ठेवत होती. कागदावर काहीच नव्हतं काढलं, प्रिंटर नाही तिच्याकडे. पण फ्लॉपी आहे. मला एवढा अभिमान वाटला.

१९ मे, बुधवार
तिनं दुसरा कॉम्प्युटर मिळवला. थो. घातली. नंबर मागते. नंबर देणारे आइस्क्रीम विकतायत.

माझ्या मशीनवरची थो. नमुन्याची होती, ठराविक मुदतीची. ती आठवड्यापूर्वीच बंद पडलीये. सर्व्हिसवाला, मित्राचा मित्र, सगळ्यांना विचारून झालं. मग आंघोळ करताना आठवलं: विट्याचे आबा! त्यांची चालू आहे. फोन केला. "या की सोमवारी. जेवायलाच या." सोमवारी रेहाना आणि मी विट्याला जायचं. होती ती एकुलती एक फ्लॉपी माझ्याकडे दिली तिनं, "तुमच्याकडे नीट राहील."

२२ मे, शनिवार
काय लिहू.

क्लास रिकामा होता. फ्लॉपी ड्रॉवरमध्ये. मला राहवेना. नुसतं बघू, उघडतंय का. इंग्रजीत लिहायच्या प्रोग्रॅममध्ये उघडली. नुसता कचरा दिसला, इंग्रजी अक्षरं आणि टोप्या घातलेले किडे. म्हटलं असू दे, बंद करावं. बंद करताना मशीननं काहीतरी विचारलं, इंग्रजीत, चौकोनात. मी वाचलंच नाही. माझा हात गेला आणि एंटर दाबला.

ओळ संपली की हात जातोच. घंटी वाजली, दांडा ओढला, पुढची ओळ. सतरा वर्षं पोरींना हेच शिकवलं, ओळीच्या शेवटी थांबायचं नाही, हात आपोआप गेला पाहिजे. गेला.

ते विचारत होतं, असंच साठवू का. मी हो म्हटलं.

पुन्हा उघडली. किड्यांच्या जागी प्रश्नचिन्हं. सगळीकडे.
हे आलेत. विचारतात डोळे का लाल. कांदा म्हटलं. ह्यांनी स्वयंपाकघरात डोकावून बघितलं, कांदा नव्हता.

२४ मे, सोमवार. विटा.
रेहानाला वाटेत सांगितलं नाही. हिंमत झाली नाही. वाटलं आबांच्या मशीनवर कदाचित सगळं जागेवर येईल.

आलं. मराठी आलं! सुंदर, गोल, माझी थो. पण अर्धी अक्षरं साधी होती ती आली, आणि जी थो.नं खास म्हणून वरच्या खणात ठेवली होती ती गेली. श्र गेला. ज्ञ गेला. मराठी आकडे सगळे गेले. आणि ऱ्य.

"भोपळ्याच्या देठापासून ? बोटं सोडून रेघ मारावी."
"को?ा भोपळ्यावर खूण करावी."
"तबली ? सुतापेक्षा जाड नको."

पानामागून पान. शब्द सगळे आहेत, मापं एकही नाही. आणि "तुझी बारीक, तू एक जास्त धर" हे आहे. कशापेक्षा एक जास्त, ते नाही.

रेहाना म्हणाली, "बाई, हे असं नव्हतं." मग मी सांगितलं. एंटरचं. ती पडद्यावरची पानं खाली सरकवत राहिली. आबांनी जेवायचा आग्रह केला, पुरणपोळ्या होत्या. आम्ही दोघी जेवलो, काय करणार. आबा म्हणाले, "माझी चालतीया की बाई झकास. तुमी वाईट वाटून घिऊ नका." ते मला धीर द्यायला म्हणाले, आणि मला तिथंच रडू आलं.

शनिवारी एक दिवस गप्प बसले असते तर. एकच दिवस, फ्लॉपी ड्रॉवरमध्ये.

३० मे
आबांच्या प्रिंटरवर काढलेली पानं रेहानाकडे. तिला जे आठवतं ते पेनानं भरते. टाइप करणाऱ्याला आठवत नाही. हे मी तिला वर्गात शिकवलंय: अर्थाकडे लक्ष देऊ नका, चुका होतात. नजर कागदावर, बोटं कळांवर. पहिली आली होती ती त्यात.

जुने तानपुरे मोजू म्हटलं. घरात, कारखान्यात चाचांचा एकही उरलेला नाही, विकणारा माणूस घरात ठेवतो का? पुतण्यांनी त्यांच्याकडचे मोजू दिले नसते, दिलेही नाहीत.

६ जून, रविवार. सातारा.
देसाई सरांना जाऊन सांगितलं. वाटलं निदान बोलतील मला. बोलले नाहीत. स्टूल पुढं केलं, पाणी दिलं. म्हणाले, "ऱ्य खरंच चांगला होता हो त्याचा." त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सरांकडून ह्यांच्या खोलीवर परत येताना एकच विचार. मी थो. ऱ्यसाठी निवडली. हो. पण धा.चा ऱ्य चांगला असता आणि थो.चं कमिशन तसंच जास्त असतं, तर मी सरांचं ऐकलं असतं का? वकिलाच्या मशीनवर जाऊन बघितलं असतं का? माहीत नाही. ह्यांना विचारलं. "तू मेथी नाही विकलीस," म्हणाले. प्रेमानं म्हणाले. पण ह्यांना काय माहीत?

१५ जून
नवीन कंपनीचा माणूस. खोकं. "मॅडम, तुमचं नाव ऐकून आलो. लोक म्हणतात बाईंनी सांगितलं की झालं." त्याला म्हटलं, बाबा, बाईंनी सांगितलं आणि झालंच. त्याला काही कळलं नाही. खोकं ठेवून गेला. उघडलं नाही.

२० जून, रविवार. मिरज.
चाचा घरी आलेत. उजवा हात मांडीवर पडलेला, डावा हलतो. रेहानाच्या मनात आलं: वाचून दाखवायचं आणि प्रश्नचिन्हाशी थांबायचं.
"देठापासून... किती बोटं, अब्बा?"
चाचांनी डावा हात उचलला. तीन बोटं.
ती ओरडलीच! मी पण. तिनं शाईनं तीन लिहिला, मोठा. चाचा हसले, अर्ध्या तोंडानं. त्या दिवशी अकरा जागा भरल्या. येताना मी गणपतीला नारळ फोडला, आणि मिरजेत उरूसवाल्या बाबांनाही हात जोडले. कुणाला सोडलं नाही.

२७ जून, रविवार. मिरज.
तेच पान खात्रीसाठी पुन्हा वाचलं. देठापासून किती बोटं?
चार.
"अब्बा, तीन ना?" मान हलली. हो.
"चार?" मान हलली. हो.
चाचांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना कळत होतं की चुकतंय. काय चुकतंय ते सांगता येत नव्हतं. "त... त..." हे तीन की काय की नुसता तोच आवाज. मला तिथून उठून जावंसं वाटलं. बसून राहिले.

४ जुलै, रविवार. मिरज.
रेहानानं अंगणात भोपळा आणून ठेवलाय. चाचांनी सात वर्षं माळ्यावर सुकवलेला, मोठा, एका अंगाला जरा चपटा. असा पुन्हा मिळायचा नाही म्हणाली. पुतण्यांनी महिनाअखेरीची मुदत दिलीये: एक तानपुरा करून दाखव, नाहीतर कारखान्याची किल्ली टाक.

करवत तिच्या हातात. पान गुडघ्यावर. तीनवर काट मारून चार, चारवर काट मारून तीन, कागद फाटायला आलेला.

"बाई, तीन त्यांची आणि चार माझी म्हणून दाखवली असतील का? त्यांना ते आठवत असेल, तू एक जास्त धर ते? की चार त्यांची, आणि माझी पाच?"
मी म्हटलं, असेल. मग म्हटलं, नसेलही.
आत चाचा खाटेवर. दोनदा विचारून आलो. एकदा तीन. एकदा मूठच उघडली नाही.

"तुम्ही सांगा, बाई. तुम्ही म्हणाल ते धरते."
चिडून नाही म्हणाली. आबा म्हणाले होते तसंच म्हणाली, विश्वासानं. अजून! मी तिच्या गुडघ्यावरचं पान उचललं, परत ठेवलं. शेवटी म्हटलं, आज राहू दे, ती जागा कोरी ठेव.

रेहानानं भोपळ्यावरून हात फिरवला. म्हणाली, "बाई, कोऱ्या जागेवर करवत कशी धरू?"

सहाच्या गाडीनं आले. तिला म्हटलंय, पुढच्या रविवारी येते.